नेटची केबल भिंतीत घालताना

शेतकरी बंधूंनो, जाड दगडी भिंतीपुढे वायफायची डाळ शिजत नाही. राऊटरपासून प्रत्येक खोलीत केबल ओढून सॉकेट बसवा. कॅट-६ केबल अस्सल तांब्याचीच घ्या. मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण लवकर तुटते. आतल्या आठ वायरींचा रंगक्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा. लांबी १०० मीटरच्या आत हवी. विजेच्या पाईपातून ही केबल नेऊ नका, करंट उतरेल; पाईप वेगळा, अंतर वीतभर.

गोठ्यातल्या कॅमेऱ्यासाठी मी तांब्याची केबल उघड्यावरून नेली. वळवाच्या पावसात वीज कडाडली अन् राऊटर, कॅमेरा दोन्ही जळाले. घराबाहेर धातू नसलेली फायबर केबलच टाका. आणि गिलाव्याआधी प्रत्येक सॉकेट तपासा. मागाहून भिंत फोडणं परवडत नाही.