गंध आणि तारुण्याची एकच वाट

पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, ही शरीरातील सर्व ग्रंथींची मुख्य ग्रंथी, असे आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात तीही ताबेदारच आहे. तिच्या वर, मेंदूच्या तळाशी असलेला बदामाएवढा अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, संप्रेरकांचे निरोप धाडतो, तेव्हा ती कामाला लागते. वरून निरोपच आला नाही, तर ती धडधाकट असूनही गप्प बसते. याचे मला सर्वांत उद्बोधक वाटणारे उदाहरण म्हणजे कॅलमन सिंड्रोम.

या विकारात मूल आपोआप वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही. नाकाचा तारुण्याशी काय संबंध? १८५६ मध्ये स्पेनमधील शरीररचनातज्ज्ञ माएस्त्रे दे सान हुआन यांना एका शवविच्छेदनात मेंदूतील गंधकंद नसल्याचे आणि वृषणे अविकसित राहिल्याचे दिसले. १९४४ मध्ये फ्रान्झ कॅलमन यांनी ही जोडी काही कुटुंबांत आनुवंशिक असल्याचे दाखवले. उलगडा झाला १९८९ मध्ये, उंदरांच्या भ्रूणांवरील अभ्यासातून. तारुण्याचा निरोप देणाऱ्या, जीएनआरएच हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी मुळात मेंदूत जन्मतच नाहीत. गर्भावस्थेत त्या नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथल्या चेतातंतूंचे बोट धरून अधश्चेतकापर्यंत चालत जातात. ते तंतू मेंदूपर्यंत पोहोचले नाहीत, तर या पेशीही वाटेतच अडकतात. त्याच वर्षी, हा विकार असलेल्या एका मानवी गर्भात त्या तशाच मेंदूबाहेर अडकलेल्या आढळल्या.

निरोपाला लयही लागते. १९७८ मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवले, की हे संप्रेरक सतत दिले तर पीयूषिका दाद देत नाही. तासातून एकदा दिले की जागी होते. म्हणूनच काही रुग्णांना ते छोट्या पंपातून ठरावीक अंतराने देतात. इतरांना पुढच्या टप्प्यातली संप्रेरके देतात. उपचारांनी तारुण्य येते, अनेकांना मूलही होते. वास मात्र सहसा येत नाही.

मुलगा उशिरा वाढला, की "याचे वडीलही असेच होते" म्हणून आपण थांबतो. बहुतेकदा ते खरेही असते. पण जन्मापासून वास ठाऊकच नसलेले मूल त्याची तक्रार करत नाही. ते कुणीतरी विचारावे लागते. फोडणीचा वास येतो का, एवढा साधा प्रश्न कित्येक वर्षांची घालमेल वाचवू शकतो.