पीएचडीनंतरची दोन-तीन वर्षं

पीएचडीचा मार्गदर्शक आता पाठीशी नाही आणि प्राध्यापकी अजून लांब आहे, असा एक काळ विज्ञानातल्या बहुतेक संशोधकांच्या वाट्याला येतो. त्यालाच, आणि त्या काळातल्या संशोधकालाही, सगळे ‘पोस्टडॉक’ म्हणतात. खगोलशास्त्रात हा काळ घालवायला पुण्याच्या ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्राइतकी चांगली जागा देशात क्वचितच असेल.

पुणे विद्यापीठाच्या आवारातलं हे केंद्र विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापन केलं. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा यशपाल होते. उभारणी जयंत नारळीकरांनी अंगावर घेतली, सोबतीला नरेश दधीच आणि अजित केंभावी. वास्तू चार्ल्स कोरियांची. एकेकट्या विद्यापीठाला न परवडणारी साधनं आणि माणसं एका ठिकाणी आणायची, आणि ती सगळ्या विद्यापीठांना खुली ठेवायची, हा त्यामागचा विचार. त्यामुळे सुट्टीत संशोधनासाठी आलेले दूरच्या महाविद्यालयांतले प्राध्यापकही इथे पोस्टडॉकच्या सोबत काम करताना दिसतात.

पोस्टडॉकची नेमणूक साधारण दोन वर्षांची, पुढे तिसरं वर्ष मिळू शकतं. अर्जासोबत शोधनिबंधांची यादी आणि शिफारसपत्रं लागतातच, पण खरा कस लागतो तो संशोधनाच्या आराखड्यात. पीएचडीचा प्रश्न बहुतेक वेळा मार्गदर्शकाने सुचवलेला असतो. आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे, हे उमेदवाराला इथे पहिल्यांदा स्वतः ठरवावं लागतं.

या स्वातंत्र्याचं मोल किती, ते १९९१ साली दिसलं. पीएचडी करून आलेले बी. एस. सत्यप्रकाश आणि आयुकातले संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांवर, एक शोधनिबंध लिहिला. या लहरींचा संकेत उपकरणाच्या गोंगाटात पार बुडालेला असतो. तेव्हा अपेक्षित लहरींचे नमुने गणिताने आधीच तयार ठेवायचे आणि आलेली नोंद एकेका नमुन्याशी ताडून पाहायची. असे नमुने कसे निवडावेत, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेत या लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळेच्या बांधकामाला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला संकेत टिपला गेला, तेव्हा त्याची खातरजमा नमुने ताडण्याच्या याच मार्गाने झाली. मध्ये चोवीस वर्षं गेली होती.

संशोधनाला फळ यायला असा वेळ लागतो, म्हणूनच दोन वर्षांची मुदत मला तोकडी वाटते. पहिलं वर्ष विषयात रुळण्यात जातं आणि दुसऱ्या वर्षाचा पावसाळा सरतो न सरतो तोच पुढच्या नोकरीचे अर्ज सुरू होतात. लग्न, घर, आईवडिलांची दुखणी, सगळं याच वयात येतं. आपल्या संस्थांनी चार-पाच वर्षांच्या नेमणुका द्यायला हव्यात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच एक वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहणार आहे. केंद्र सरकारने तिला २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या नोंदी येऊ लागतील तेव्हा त्या ताडून पाहणारे पोस्टडॉक आज कुठेतरी बी.एस्सी.च्या वर्गात बसलेले असतील.