लेखांक ७ : सांधा कुठे निसटतो

एका जागी उभे राहून थोडे थोडे वळत काढलेले फोटो सांधून एक सलग चित्र करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्यूगिन’ सर्वांत परिचित आहे. ते फुकट मिळते, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि त्याचा स्रोत कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. तरीही पहिल्याच संध्याकाळी वैतागून ते काढून टाकणारे पुष्कळ असतात. घडवणाऱ्यांना वाटते, या लोकांनी दोन पाने तरी वाचायला हवी होती. वापरणाऱ्यांना वाटते, जे काम मोबाइल एका झटक्यात करतो त्यासाठी पाने कशाला वाचायची? या दोन समजुतींमधले अंतर समजून घेण्यासाठी एखादा खरा पॅनोरमा कसा बिघडतो ते पाहणे उपयोगी ठरते.

महाड तालुक्यातल्या रायगडावरची बाजारपेठ घ्यावी. उंच जोत्यांच्या दोन समांतर रांगा आणि मधून रुंद रस्ता. एका जोत्याजवळ उभे राहून मोबाइलने आठ-दहा फोटो काढले आणि ह्यूगिनला दिले, तर लांबचे डोंगर बेमालूम जुळतात. हाताशी असलेले जोते मात्र तुटलेले किंवा दुहेरी दिसते. वापरणारा म्हणतो, सॉफ्टवेअरला साधे दगड जुळवता येत नाहीत. प्रत्यक्षात चूक फोटो काढतानाच झालेली असते. माणूस स्वतःच्या टाचेवर वळतो आणि हातातला मोबाइल त्याच्याभोवती वर्तुळात फिरतो. दोन फोटोंच्या दरम्यान कॅमेरा १० सेंटिमीटरच सरकला असे धरले, तरी २ मीटरवरचा दगड सुमारे ३ अंशांनी जागा बदलतो. ६५ अंशांचा देखावा ४,००० पिक्सेलमध्ये मावणाऱ्या फोटोत याचे १७० हून अधिक पिक्सेल होतात. २०० मीटरवरच्या वस्तूच्या बाबतीत तोच फरक दोन पिक्सेलही भरत नाही. म्हणून डोंगर जुळतो आणि जोते जुळत नाही. उपाय दोन आहेत: जवळच्या वस्तूंपासून चार पावले मागे सरकणे, आणि मोबाइल एका जागी स्थिर धरून स्वतः त्याच्याभोवती वळणे.

मोबाइलमधला पॅनोरमा हा दोष बऱ्याच अंशी लपवतो. फोन फिरत असताना तो अरुंद पट्ट्या घेतो आणि शेजारी शेजारी लावत जातो. पट्टी अरुंद असल्यामुळे दोन पट्ट्यांमधली कॅमेऱ्याची हालचालही अगदी थोडी असते. ह्यूगिनला मिळतात ते पूर्ण रुंदीचे, एकमेकांपासून बरेच वळलेले फोटो. एकाच नावाने ओळखली जाणारी ही दोन वेगळी कामे आहेत, पण वापरणाऱ्याची अपेक्षा पहिल्या कामावर घडलेली असते.

ह्यूगिनचा पाया म्हणजे कंट्रोल पॉइंट. शेजारच्या दोन फोटोंत दिसणारा एकच दगड, एकच कोपरा, असे अनेक जोडबिंदू शोधून त्यांवरून प्रत्येक फोटोचा कोन ठरवला जातो. सारखे दिसणारे चिरे, लेण्यांतल्या सारख्या खोल्या, जाळी, कौले अशा ठिकाणी हा शोध फसू शकतो, कारण एका चिऱ्याची जोडी दुसऱ्याच चिऱ्याशी लागते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात वेगळीच अडचण येते. दोन फोटोंच्या मधल्या काही सेकंदांत ढग सरकतात, आणि ढगांवर बसलेले बिंदू सगळे चित्र तिरपे ओढतात. ढगांवरचे बिंदू ओळखून गाळणारी ‘सेलेस्ट’ नावाची सोय ह्यूगिनमध्ये आहे. ती आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी मात्र ती नसल्यासारखीच. मुक्त सॉफ्टवेअरमधल्या बऱ्याच चांगल्या गोष्टींचे असेच होते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवले असतील तर अडचण त्याही आधी सुरू होते. साधा फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप चित्र लहान करते आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली माहिती काढून टाकते. मग ह्यूगिन लेन्सची नाभीय लांबी किंवा दृश्यकोन विचारते. ज्याने आयुष्यात कधी मोबाइलच्या लेन्सचा आकडा पाहिलेला नाही, त्याला हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. तो अंदाजाने काहीतरी भरतो, चित्र वाकडे येते आणि दोष सॉफ्टवेअरच्या नावावर पडतो. तेच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले असते तर हा प्रश्न बहुधा आलाच नसता.

सगळ्या तक्रारींचे मूळ वापरणाऱ्याकडे असते असे मात्र नाही. पहिल्या खऱ्या दोषाचे मूळ ह्यूगिनच्या जन्मकथेत आहे. जर्मनीतल्या फुर्टवांगेन येथील प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये ‘पॅनोरमा टूल्स’ लोकांसाठी खुले केले. फोटो गोलावर बसवण्याचे आणि त्यांचे कोन काढण्याचे गणित त्यात होते. आयपिक्स या अमेरिकी कंपनीने पेटंटचा दावा पुढे केला आणि २००१ मध्ये डेर्श यांनी हे काम थांबवले. स्रोत खुला असल्यामुळे इतरांनी ते उचलले. २००३ मध्ये पाब्लो द’अँजेलो यांनी त्या गणितावर खिडक्या-बटणांचे आवरण चढवायला घेतले, तेच ह्यूगिन.

पण जोडबिंदू आपोआप शोधण्याची त्या काळची प्रभावी पद्धत, डेव्हिड लोव यांची ‘सिफ्ट’, अमेरिकेत पेटंटखाली होती. त्यामुळे बरीच वर्षे ह्यूगिनसोबत बिंदू शोधणारा कार्यक्रम येतच नसे. तो वेगळा शोधून बसवावा लागे, नाहीतर एकेक बिंदू माउसने लावावा लागे. नवख्या माणसाला हे अर्धवट सोडलेले काम वाटे. त्यामागे कायद्याची अडचण होती, पण ती पडद्यावर कुठे लिहिलेली नव्हती. २०१०.४ या आवृत्तीत ‘सीपीफाइंड’ हा स्वतःचा शोधक आला आणि ही तक्रार मिटली. सिफ्टचे पेटंट २०२० मध्ये संपले.

दुसरा खरा दोष रचनेतला आहे. ह्यूगिन हा एक कार्यक्रम नसून अनेक लहान कार्यक्रमांची साखळी आहे. सीपीफाइंड बिंदू शोधतो, ‘नोना’ प्रत्येक फोटो नव्या आकारात वळवतो, ‘एन्ब्लेंड’ त्यांचे सांधे पुसतो. अँड्र्यू मिहाल यांनी लिहिलेल्या एन्ब्लेंडचे तत्त्व बर्ट आणि एडेलसन यांनी १९८३ मध्ये मांडले: मोठे रंगपट्टे रुंद जागेत मिसळायचे आणि बारीक तपशील अरुंद जागेत. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांसारखा आत अंधार आणि बाहेर ऊन असलेला देखावा वेगवेगळ्या उजेडमानाने टिपला असेल, तर त्यासाठी ‘एन्फ्यूज’ ही त्याची भावंड प्रणाली आहे. साखळी घडवणाऱ्यांना सोयीची असते, कारण एक कडी बदलली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. मात्र कडी तुटली की संदेश त्या कडीच्या भाषेत येतो. दोन फोटो जवळजवळ एकमेकांवर पडले तर एन्ब्लेंड जरुरीपेक्षा जास्त आच्छादन झाल्याचे सांगून थांबते. डिस्क भरली तरी काम थांबते. दोन्ही वेळा वापरणाऱ्याला दिसते ती इंग्रजी ओळींची लांबलचक यादी, आणि कारण तिच्या पोटात कुठेतरी दडलेले. कोणता फोटो काढून टाकावा एवढे साध्या शब्दांत सांगणे हे घडवणाऱ्यांचेच काम आहे, आणि इथे वापरणाऱ्याचा राग पूर्णपणे रास्त आहे.

घडवणारे बहुतांशी स्वयंसेवक आहेत. नोकरी सांभाळून, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ते हे काम करतात. ज्या जीपीएल परवान्याखाली ह्यूगिन दिले जाते त्यात कोणतीही हमी नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. त्यांची अपेक्षा पैशांची नसून माहितीची असते. ‘चालत नाही’ या दोन शब्दांवरून काहीच दुरुस्त करता येत नाही. कोणती आवृत्ती, कोणती संगणक प्रणाली, कोणते बटण दाबल्यावर काय झाले, संदेशातले नेमके शब्द कोणते, आणि तीच कृती पुन्हा केल्यावर तेच घडते का, इतके कळले तर बिघाड शोधता येतो. सोबत ह्यूगिनने जतन केलेली ‘पीटीओ’ फाइल जोडली तर फारच बरे. ती साधी मजकुराची फाइल आहे: ‘आय’ने सुरू होणाऱ्या ओळींत प्रत्येक फोटोचा कोन आणि लेन्स, ‘सी’च्या ओळींत एकेक जोडबिंदू. फोटो न पाठवताही बिंदू कुठे चुकले ते तिच्यावरून पुष्कळदा उमगते.

‘फोटो पुन्हा काढा’ हे उत्तर घडवणाऱ्यांकडून वरचेवर येते. बाजारपेठेच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. त्याचे आधी काढलेले फोटो जसे असतील तसेच वापरावे लागतात. अशा वेळी जवळची विसंगत वस्तू मुखवट्याने झाकणे, चुकीचे बिंदू हाताने काढणे आणि पुलाच्या दगडांवर नवे बिंदू लावणे हाच मार्ग उरतो. यासाठी लागणारी सगळी हत्यारे ह्यूगिनमध्ये आहेत. ‘सगळे एका बटणावर आणा’ या मागणीला घडवणाऱ्यांचा विरोध होतो तो याच हत्यारांसाठी.

२०१३ च्या आवृत्तीत यावर तोडगा निघाला. साधी, प्रगत आणि तज्ज्ञांची अशा तीन पायऱ्या झाल्या. साध्या पायरीत फोटो घेणे, जुळवणे आणि चित्र तयार करणे एवढीच तीन बटणे समोर येतात, बाकीचे पडद्याआड राहते पण काढून टाकलेले नसते.

मायक्रोसॉफ्टचे ‘इमेज कंपोझिट एडिटर’ याहून सोपे होते आणि तेही फुकट होते. त्याचा स्रोत मात्र बंद होता. कंपनीने ते आपल्या संकेतस्थळावरून काढून घेतले, तेव्हा त्याची सवय झालेल्यांना पुढची दुरुस्ती मिळण्याचा मार्ग उरला नाही. डेर्श यांनी हात आखडता घेतल्यालाही बरीच वर्षे झाली. त्यांच्या गणिताची सुधारलेली आवृत्ती ह्यूगिनच्या पोटात आजही चालते.