मोहाची दारू

मोहाची दारू हे मोह (शास्त्रीय नाव: मधुका लाँगिफोलिया) या वृक्षाच्या फुलांपासून काढले जाणारे पारंपरिक मद्य होय. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत ते विशेष परिचित आहे. राजुरा व त्यालगतच्या भागांतील गोंड व कोलाम, तसेच गडचिरोलीतील माडिया या समाजांच्या देवकार्यांत व सणसमारंभांत त्याला स्थान आहे.

मोहफूल

मार्च-एप्रिलमध्ये मोहाला बहर येतो. मांसल, फिकट पिवळसर फुले रात्री व पहाटे गळून पडतात आणि सकाळी टोपल्यांत वेचली जातात. वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा असून त्यातून वणवे लागतात. उन्हात वाळवलेली तपकिरी फुले दीर्घकाळ टिकतात. ती भाजून खाल्ली जातात, त्यांचे लाडूही करतात. त्यांच्या विक्रीतून उन्हाळ्यात रोख उत्पन्न मिळते.

निर्मिती

वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. या आंबोणास 'सडवा' म्हणतात. सडवा भांड्यात उकळून त्याची वाफ थंड केली की दारू मिळते. द्राक्षांची वाइन केवळ आंबवलेली असते. मोहाची दारू ऊर्ध्वपातित असल्याने गोव्याच्या काजूफेणीशी तिचे साम्य अधिक आहे. मात्र फेणी फळाच्या रसापासून, तर ही फुलांतील साखरेपासून बनते. फुलांचा उग्र गोडसर वास तिच्यात उतरतो. अवैध हातभट्ट्यांवर गूळ व नवसागर मिसळून काढलेली दारू पारंपरिक पद्धतीहून भिन्न असून आरोग्यास घातक ठरते.

कायदा व दारूबंदी

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने मोहफुलांच्या संकलनावर व विक्रीवर निर्बंध आले. राजुरा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. १९५९ पासून तो चंद्रपूर (तेव्हाचा चांदा) जिल्ह्यात आहे. लोकचळवळीनंतर गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील महिलांनी २०१० मध्ये चिमूर ते नागपूर पदयात्रा काढली. १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी आली व २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. त्याच वर्षी राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवणूक व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले.

मान्यतेचा प्रश्न

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींचा मालकी हक्क मान्य केला. मात्र फूल वेचण्याचा हक्क म्हणजे दारू काढण्याचा परवाना नव्हे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तर मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूस 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली. अशा मान्यतेमुळे स्थानिक उत्पन्न वाढेल व भेसळ घटेल, असे समर्थक मानतात. व्यसनाचा भार प्रामुख्याने स्त्रिया व कुटुंबांवर पडतो, हा दारूबंदी चळवळीचा मुख्य आक्षेप आहे. अनुसूचित क्षेत्रांत मादक पदार्थांचे नियमन वा बंदी करण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेसही दिला आहे.