पहिले ५१२ बाइट : मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम उघडून पाहताना

'ऑपरेटिंग सिस्टिमची कार्ये लिहा' हा प्रश्न तुम्हाला परीक्षेत येतो आणि उत्तर बहुतेकांना पाठ असते. प्रोसेसचे व्यवस्थापन, मेमरीचे व्यवस्थापन, फाइली, उपकरणे, सुरक्षा. तोंडी परीक्षेत मी त्यावर एक साधा प्रश्न विचारतो. संगणकाचे बटण दाबले तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम अजून डिस्कवरच आहे, मेमरीत आलेली नाही. डिस्क वाचणे हे तर तिचेच काम. मग तिला मेमरीत आणते कोण? इथे बहुधा सगळे गप्प होतात. रोज लिनक्स वापरणारी मुलेही गप्प होतात, कारण वापरणे आणि उघडून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे टिपण उघडून पाहण्याविषयी आहे.

मासिकासोबत आलेली सीडी

मी बंगळुरूत हेब्बाळला राहतो आणि शिकवतो; मूळचा बेळगावचा. १९९० च्या दशकात आमच्यासारख्यांच्या हाती लिनक्स आले ते इंटरनेटवरून नव्हे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाले खरे, पण २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची म्हटली तर किती वेळ लागेल, हे गणित करून पाहा. सेकंदाला जेमतेम ३,६०० बाइट. म्हणजे फोन एकदाही न तुटता सलग पन्नास तास. हा प्रश्न 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने १९९६ मध्ये सोडवला. अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्यामागचा आग्रह अतुल चिटणीस यांचा. जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावचे आणि पुढचे आयुष्य बंगळुरूत. २००१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लिनक्स बंगलोर' ही परिषद सुरू केली. २००५ पासून तिचे नाव 'फॉस डॉट इन' झाले आणि शेवटची परिषद २०१२ मध्ये भरली. चिटणीस २०१३ मध्ये गेले. नंतरच्या परिषदांत भाषणे ऐकण्यापेक्षा बसून कोड लिहिण्यावर भर येत गेला. भारतात मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे पुष्कळ, त्यात भर घालणारे थोडे, ही त्यामागची तक्रार होती. आज वर्गात पाहतो तेव्हा ती तक्रार जुनी झाली आहे असे मला वाटत नाही.

तशीच एक सीडी माझ्या हाती आली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. घरात संगणक एकच, तोही दादाचा. डिस्कचे दोन भाग केलेले, सी आणि डी. सीमध्ये विंडोज ९५ आणि दादाने महिनाभर बसून टाइप केलेला प्रकल्प अहवाल, डी रिकामा. डी पुसून तिथे लिनक्स टाकायचे ठरले. पण लिनक्समध्ये सी, डी अशी नावे नसतात. पडद्यावर वेगळीच नावे आणि सिलिंडरचे आकडे दिसले. मी एक ओळ निवडून खोडली, बदल डिस्कवर लिहिला, संगणक पुन्हा सुरू केला आणि विंडोज उठलेच नाही. मी सी खोडला होता.

दादाला सांगायच्या आधी मी कॉलेजातल्या एका सीनियरकडे धावलो. त्याने एकच विचारले, "फॉरमॅट केलंस का?" नव्हते केले. मग तो घरी आला, तोच प्रोग्राम उघडला आणि उरलेला दुसरा भाग कोणत्या सिलिंडरपासून सुरू होतो ते पाहिले. खोडलेला भाग १ पासून त्याच्या एक आधीपर्यंत असणार. तेवढे दोन आकडे त्याने पुन्हा लिहिले, प्रकार फॅट १६ असा दिला, तो भाग 'बूट होणारा' अशी खूण केली. संगणक उठला, अहवाल जागेवर होता. दादाला हे मी बऱ्याच वर्षांनी सांगितले.

नेमके काय खोडले गेले होते?

डिस्कच्या सगळ्यात पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. जुन्या बायोस पद्धतीत त्यांची वाटणी अशी: पहिले ४४६ बाइट हा सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, पुढचे ६४ बाइट हा पार्टिशन टेबल आणि शेवटचे २ बाइट ही खूण. टेबलात चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटच्या. एका नोंदीत एवढेच असते की हा भाग कुठून सुरू होतो, कुठे संपतो, कोणत्या प्रकारचा आहे आणि बूट होणारा आहे की नाही. मी जे खोडले ते हेच १६ बाइट. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही. तसाच दादाचा अहवाल डिस्कवर पडून होता, फक्त त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता राहिला नव्हता.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. बटण दाबल्यावर प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला बायोस चालवू लागतो. बायोस पहिला सेक्टर मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवतो. (षोडशमान पद्धतीत हाच आकडा ७सी००.) मग शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का ते पाहतो, आणि असतील तर त्या पत्त्यावर उडी मारतो. तिथे कोणता कोड आहे, तो विंडोजचा की लिनक्सचा की तुमचा, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ४४६ बाइटांत आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम मावत नाही, म्हणून हा छोटा प्रोग्राम डिस्कवरून आणखी मोठा प्रोग्राम आणतो, आणि तो कर्नल आणतो. तुमच्या आजच्या लॅपटॉपवर यूईएफआय असल्यामुळे तपशील बदलले आहेत, पण शिकायला जुनी पद्धतच बरी. ती एका बैठकीत समजते.

लिनसच्या हातूनही

लिनक्सचा जन्म हौसेतूनच झाला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स आपला नवा ३८६ संगणक कसा चालतो हे समजून घेत होता. सुरुवातीला त्याच्याकडे होता तो विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमने जोडून देणारा एक टर्मिनल प्रोग्राम. फाइल साठवायची म्हणून डिस्कचा ड्रायव्हर लिहिला, ड्रायव्हर झाला म्हणून फाइल सिस्टिम लागली, आणि असे करत करत ती ऑपरेटिंग सिस्टिम होऊन बसली. सप्टेंबर १९९१ मधली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. याच काळात त्याने मोडेमला द्यायच्या डायल करण्याच्या आज्ञा चुकून हार्डडिस्कला दिल्या आणि ज्यावर तो काम करत होता ते मिनिक्स बिघडवून टाकले. पुन्हा मिनिक्स टाकण्याऐवजी तो पूर्णपणे स्वतःच्या प्रणालीवर आला. माझ्या चुकीतून असे काही निघाले नाही, पण हा किस्सा वाचल्यापासून मला जरा बरे वाटते.

१९९२ मध्ये लिनक्सला जीपीएल परवाना मिळाला. इथे एक गैरसमज दूर करू. इंग्रजीत एकाच शब्दाने भागवावे लागते. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द आहेत, ते नीट वापरा. जीपीएल खालचा प्रोग्राम तुम्ही विकू शकता. घरात हवा तसा बदलून वापरलात तर कोणाला काही देणे लागत नाही. पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा सोर्स कोड मिळण्याचा हक्क त्या घेणाऱ्याला आहे.

हीच कल्पना हार्डवेअरला लावून पाहण्याचा एक मोठा प्रयोग बंगळुरूतच झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा स्वस्त संगणक बनवला. २००१ मध्ये नमुना लोकांसमोर आला. २००४ मध्ये त्याचे 'अमिडा' हे रूप भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केले. हेब्बाळहून रिंग रोडने जाताना लागतो तो बीईएल सर्कल याच कंपनीच्या नावाचा. उपकरण हलवले की ते ओळखणारा सेन्सर त्यात होता, आयफोन यायच्या तीन वर्षे आधी. त्याचा आराखडाही खुला होता. विकण्यासाठी बनवणाऱ्याने ठरलेली फी भरायची. तरीही विक्री काही हजारांतच राहिली. याला नुसते अपयश म्हणून सोडून देणे मला पटत नाही. प्रोग्रामची दुसरी प्रत काढायला खर्च येत नाही, म्हणून हजारो हौशी हात त्याला लागतात. सर्किटचा आराखडा खुला असला तरी प्रत्येक प्रतीसाठी चिप, बोर्ड, कारखाना लागतो, आणि वसतिगृहाच्या खोलीत बसून ते करणारा विद्यार्थी त्या काळी नव्हता. आज शंभर-दोनशे रुपयांपासून मायक्रोकंट्रोलर बोर्ड मिळतात; म्हणून सिम्प्युटरचा आराखडा आज पुन्हा अभ्यासण्यासारखा आहे.

तुमच्यासाठी एक प्रकल्प

क्यूईएमयू हा मुक्तस्रोत एम्युलेटर उतरवून घ्या. तो तुमच्या संगणकाच्या आत एक खोटा संगणक उभा करतो. तो कितीही बिघडवला तरी दादाचा अहवाल सुरक्षित. पहिले काम नेहमीचेच: ५१२ बाइटची फाइल बनवा, शेवटी ५५ आणि एए ठेवा, आणि बायोसच्या १० (षोडशमान) क्रमांकाच्या इंटरप्टने पडद्यावर एक इंग्रजी अक्षर उमटवा.

मग दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, माझं नाव मराठीत येईल का?" सरळ येत नाही. टेक्स्ट मोडमध्ये एकूण २५६ अक्षरचित्रे असतात, त्यात देवनागरी नाही, आणि आपल्याकडे काना-मात्रा-जोडाक्षरांनी रूप बदलते. एके काळी यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवावे लागे. पण हौशी माणसाने वळसा घालावा. चौकटीच्या वहीत १६ बाय १६ घरांत 'म', 'रा', 'ठी' काढा. भरलेले घर म्हणजे १, रिकामे म्हणजे ०. एका चित्राला ३२ बाइट, तिघांना ९६. बायोसला १३ (षोडशमान) क्रमांकाचा ग्राफिक मोड मागा: ३२० बाय २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, मेमरीत ए०००० पासून. ठिपक्याची जागा ओळ गुणिले ३२० अधिक स्तंभ. चित्रे एकमेकांना खेटून ठेवा, नाहीतर शिरोरेखा तुटते. सगळा कोड ५१० बाइटांत आरामात बसतो, आणि कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय पडद्यावर 'मराठी' दिसते. माझ्या वर्गातल्या कन्नड आणि तेलुगू मुलांनी आपापली लिपी काढली. त्यांची वळणे १६ घरांत बसवताना ती फार वैतागली.

पुढची पायरी एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठी लिहिलेली प्रणाली. ओळी थोड्या, त्यामुळे एका सत्रात वाचून होते. तिच्यात स्वतःचा एक सिस्टिम कॉल घाला. क्रमांक, टेबल, प्रत्यक्ष फंक्शन, वापरणाऱ्याच्या बाजूची घोषणा आणि कर्नलमध्ये शिरणारा छोटा तुकडा, अशा पाच ठिकाणी हात लागतो. यातली एक जागा विसरूनच सगळे शिकतात. क्यूईएमयूची खिडकी सारखी लुकलुकत पुन्हा सुरू होऊ लागली तर समजा की प्रोसेसर चूक हाताळतानाच पुन्हा पुन्हा चुकतो आहे. 'नो-रिबूट' हा पर्याय देऊन चालवा, म्हणजे तो थांबेल आणि कुठे पडला ते पाहता येईल. प्रकल्पाच्या वहीत अशा पडझडी तारखेसह लिहा. मी गुण देताना आधी तेच पान उघडतो.

शेवटी, तयार झालेली फाइल खऱ्या यंत्रावर पाहण्याचा मोह होणारच. त्यासाठी पेन ड्राइव्हवर ती 'डीडी' या आज्ञेने लिहितात. ही आज्ञा "नक्की का?" असे विचारत नाही. आधी 'एलएसबीएलके' चालवून डिस्कची यादी आणि आकार पाहा, पेन ड्राइव्ह काढून पुन्हा तीच यादी पाहा, जे नाव नाहीसे झाले ते कागदावर लिहा, आणि मगच एंटर दाबा.