चाचांचे बोट कोणत्या रकान्यात?

2018 सालच्या पावसाळ्यात आमच्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा सलग नऊ दिवस गैरहजर होता. चौकशीला घरी गेलो, तर त्याचे अब्बा खाटेवर बसलेले, उजव्या हाताला जाड पट्टी. भिवंडीतल्या एका छोट्या लूम कारखान्यात रात्रपाळीला हात दातेरी चाकात गेला आणि तर्जनी मुळापासून तुटली. मुलगा शेजारच्या गल्लीत कांड्या भरायला जाऊ लागला होता. शेठने दवाखान्याचे बिल भरले होते, वर थोडे पैसेही दिले होते. "शेठनी खूप केलं, मास्टरसाब," मुलाची अम्मी म्हणाली.

हे बोट कुठे नोंदले गेले असेल, असा प्रश्न आम्हाला पडला. शोधले तेव्हा कळले की कुठेच नाही.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यानुसार ज्या इजेमुळे कामगार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकत नसे, ती कारखाना निरीक्षकाला कळवावी लागे. पण कारखाना म्हणायचे कशाला? वीज वापरणाऱ्या जागेसाठी मूळ कायद्यात 10 कामगारांची अट होती. महाराष्ट्राने ती 20 केली आणि 2020 च्या केंद्रीय संहितेतही 20 च आहे. पाळीला तीन-चार माणसे असलेले आमच्याकडचे शेड यात बसतच नाहीत. अपघातांचे प्रमाण काढायची पद्धत तशी चोख आहे. कामाच्या दर दहा लाख तासांमागे किती इजा झाल्या आणि किती दिवस बुडाले, हे मोजतात. एक मृत्यू म्हणजे 6000 दिवस बुडाले असे धरतात. पण जिथे कामाचे तासच कोणी लिहीत नाही, तिथे कशाला कशाने भागणार?

आणि बोट निदान दिसते तरी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2023 मधील अंदाजानुसार जगात कामामुळे वर्षाला सुमारे 29 लाख 30 हजार माणसे मरतात. त्यांतले अपघाताचे मृत्यू साधारण 3 लाख 30 हजार, बाकीचे सगळे आजारांचे. सुताच्या धुळीने होणारा छातीचा विकार आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा, दोन्ही कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होते. असा रुग्ण आला तर कळवणे डॉक्टरवरही बंधनकारक आहे. पण खोकणाऱ्याला "काम काय करता?" असे किती दवाखान्यांत विचारतात? आमच्या पालकसभेत काही वडील फार मोठ्याने बोलतात. नवे शिक्षक घाबरतात. ते भांडत नसतात, त्यांना ऐकूच कमी येते.

चाचांसाठी आम्ही 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा वाचला. त्याला 20 कामगारांची अट नव्हती. त्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराची यादीच होती. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के घटली असे मानत, तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, करंगळीला 7. तेव्हा हिशेबात महिना 8000 रुपयांपर्यंतचाच पगार धरत. त्याचे 60 टक्के म्हणजे 4800. चाळिशीच्या माणसाचा गुणांक 184.17. त्यांचा गुणाकार करून त्याचे 14 टक्के काढले, तर सुमारे 1 लाख 24 हजार होतात. मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही हे मांडले. चाचांनी आकडा दोनदा वाचून घेतला.

"उजव्या हाताचे जास्त नाही का?" त्यांनी विचारले.

यादीत उजवा-डावा भेद नव्हता.

दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. पुरावा मात्र हवा होता, आणि केसपेपरवर फक्त "बोटाला जखम" एवढेच लिहिलेले. कामावर असताना, यंत्रात, रात्री किती वाजता, काही नाही. वाचक भगिनींनो, घरातले कोणी असे जखमी झाले तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून हे तीन शब्द लिहून घ्या, "कामावर असताना झालेली". पगाराची चिठ्ठी, मग ती साध्या वहीच्या पानावरची असली तरी, जपून ठेवा.

चाचांनी दावा केला नाही. त्याच शेठकडे नऊ बोटांनी कामाला लागायचे होते. मुलगा पुढच्या सोमवारी शाळेत आला. हजेरीपटावर त्याचे नऊ दिवस आम्ही "वडील आजारी" असे नोंदले होते. ते खोडून "वडिलांना कामावर अपघात" असे लिहिले.