हे हत्यार कशासाठी?

मराठीत ‘हत्यार’ म्हणजे शस्त्रही आणि कारागिराचे अवजारही. म्हणूनच खंडेनवमीला आपल्याकडे तलवारीबरोबर करवत आणि कानसही पुजतात. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात माझ्या मामांचे पंप दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. उन्हाळी सुट्टीत तिथल्या भंगाराच्या पेटीत एक हत्यार सापडले. ते यांपैकी कोणत्या अर्थाचे, हेच कळेना.

लांबी वीतभर, लाकडी मूठ, तीन धारा आणि पुढे किंचित बाक. मामेभाऊ म्हणाला, “ही संगीन आहे. घासून सुरी करू.” इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची संगीन तिधारी होती, हे खरे. पण तिचे पाते सुमारे 43 सेंटिमीटर असे आणि मुठीऐवजी बंदुकीच्या नळीवर चढवायची पोकळ नळी असे. शिवाय संगीन भोसकण्यासाठी असते, तिचे टोक महत्त्वाचे. इथे टोक बोथट होते आणि धारा लखलखीत.

म्हणून घासण्याआधी आम्ही आणखी तीन गोष्टी पाहिल्या. मुठीच्या मागे हातोडीचे घाव नव्हते. म्हणजे ते ठोकायचे नव्हे, हाताच्या दाबाने चालवायचे. मुठीजवळ पुसट दाते होते. म्हणजे जुन्या तिधारी कानशीपासून बनवलेले. आणि मुठीच्या भेगेत निळा रंग होता.

तो रंग पाहताच वर्कशॉपमधल्या वयस्कर मिस्त्रींनी ओळखले : बेअरिंगचा स्क्रेपर! काही मोठ्या यंत्रांच्या बेअरिंगला आतून मऊ पांढऱ्या धातूचे अस्तर असते. हा धातू आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने 1839 मध्ये शोधला. दुरुस्तीच्या वेळी शाफ्टला निळा रंग अगदी पातळ लावतात आणि तो बेअरिंगमध्ये ठेवून फिरवतात. निळा डाग उठतो तिथे उंचवटा असतो. तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडायचा, मग पुन्हा रंग, पुन्हा फिरवणे. डाग सगळीकडे सारखे उठले की काम झाले. उंचवटा तसाच राहिला, तर सारा भार त्याच्यावर येतो, तिथले तेल हटते, धातू तापून वितळतो आणि यंत्र बंद पडते.

तुमच्या घरी असे अनोळखी हत्यार असेल, तर लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका. आधी पाहा : ते कुठे झिजले आहे, कुठे घाव बसले आहेत आणि त्याला काय चिकटले आहे. आमचे उत्तर नखाएवढ्या निळ्या डागात होते. घासला असता, तर तोच आधी गेला असता.